पऱ्हाटीचा धूर आणि कोळशाचा धूर

फेब्रुवारीत शेवटची वेचणी आटोपली की आमच्या विदर्भातल्या वावरांमधून पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उपटण्याचे काम सुरू होते. थोडी पऱ्हाटी बंडीत घालून चुलीसाठी घरी आणली जाते, उरलेलीचे ढीग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचून पेटवले जातात आणि दिवेलागणीच्या सुमारास त्यांचा पांढरट धूर गावावर पसरतो. त्याच वेळी चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा आणि पारस येथील औष्णिक वीज केंद्रांच्या चिमण्यांतूनही धूर निघत असतो. दोन्ही धुरांत कार्बन डायऑक्साइड असतो आणि त्याची रासायनिक रचनाही एकच असते, कार्बनचा एक अणू आणि प्राणवायूचे दोन. तरीही हवेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ या दोन धुरांचा हिशेब दोन वेगळ्या खात्यांत मांडतात. तो वेगळा का मांडावा लागतो हे कळल्याशिवाय तापमानवाढीची चर्चा नीट समजत नाही, असे माझे मत आहे.

यंदा असाच एक ढीग पेटलेला असताना शेजारच्या वावरातल्या काकांनी मला विचारले, "मास्तर, झाडं हाच वायू खाऊन वाढतेत म्हणता, मंग हवेत तो वाढला त आपल्या पऱ्हाटीचं बिघडलं काय?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि शास्त्रज्ञांनीही तो गेली अनेक वर्षे गंभीरपणे तपासला आहे. धुऱ्यावर उभ्या उभ्या मी जे उत्तर दिले ते अपुरे होते, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो.

आधी आकड्याविषयी. कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आणि २१ टक्के प्राणवायू असतो. त्या हवेतले दहा लाख रेणू मोजले तर आज त्यांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ४२५ रेणू सापडतात आणि या मापाला पीपीएम म्हणतात. इतक्या थोड्या वायूने काय होणार, असे पुष्कळांना वाटते. पंधरा लिटरच्या फवारणी पंपात सहा-साडेसहा मिलिलिटर औषध टाकले तर त्याचे प्रमाणही जवळपास एवढेच होते, आणि तेवढ्या औषधाने मावा-तुडतुड्यांचे काय होते हे आपण दर हंगामात पाहतो. थोड्या प्रमाणातला पदार्थ किती काम करतो हे त्याच्या गुणावर ठरते.

हे प्रमाण सातत्याने आणि काटेकोरपणे मोजण्याचे काम चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर सुरू केले. त्याच वर्षी नागपुरात आजच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची स्थापना झाली, त्यामुळे हे साल मला सहज लक्षात राहते. गावाजवळ किंवा शहरात हवा मोजली तर चुली, गाड्या आणि कारखाने यांच्यामुळे आकडा दर तासाला बदलतो. महासागराच्या मधोमध, इतक्या उंचीवर येणारी हवा हजारो किलोमीटर वाहत आलेली आणि चांगली मिसळलेली असते. मौना लोआ स्वतः ज्वालामुखी आहे ही शंका योग्यच आहे, परंतु त्याच्या विवराकडून वारा आला की आकडा लगेच उसळतो आणि अशी मोजमापे वेगळी काढली जातात.

कीलिंग यांनी वापरलेल्या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. एका नळीत हवा सोडतात, नळीच्या एका टोकाकडून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पाठवतात आणि दुसऱ्या टोकाला त्यांतले किती पोहोचले ते मोजतात. कार्बन डायऑक्साइड ठरावीक लांबीच्या लहरी शोषून घेतो, त्यामुळे वायू जितका अधिक तितके पोहोचणारे किरण कमी. यंत्राचा काटा सरकला तर चूक होईल, म्हणून ज्याचे प्रमाण आधीच पक्के माहीत आहे असा वायू टाकीतून अधूनमधून त्याच नळीत सोडून यंत्र पडताळून पाहतात. बाजारात वजनकाटा दुसऱ्या प्रमाणित वजनाने तपासून घेतात, तशीच ही रीत आहे. कीलिंग यांच्या कामाचे खरे मोल मला या पडताळणीतल्या चिकाटीत दिसते. निधी तुटला, अधिकारी कंटाळले, तरी त्यांनी ही मोजणी दीर्घकाळ सोडली नाही.

पहिल्या नोंदी ३१३ पीपीएमच्या आसपास होत्या. वर्षभरातच दिसले की आकडा दर मे महिन्यात सर्वात वर जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वात खाली येतो, कारण उत्तर गोलार्धातली जंगले आणि पिके तिकडच्या जून-ऑगस्टच्या उन्हाळ्यात हा वायू ओढून घेतात आणि पानगळीनंतर तो परत सोडतात. हा चढउतार सहा-सात पीपीएमचा असतो. मात्र प्रत्येक वर्षीचा तळ आदल्या वर्षीच्या तळापेक्षा वर राहू लागला. मे २०१३ मध्ये दिवसाची सरासरी प्रथमच ४०० च्या पुढे गेली आणि अलीकडच्या काळात वर्षाला साधारण अडीच पीपीएमची भर पडत आहे. भारतातही गोव्यातील केप रामा येथे १९९३ पासून हवेचे नमुने घेतले गेले आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने सिंहगडावर अशी मोजणी केली. तिथेही चढ हाच दिसतो.

१९५८ पूर्वीची हवा कुठून आणायची, याचे उत्तर अंटार्क्टिकाच्या बर्फात मिळाले. वर्षानुवर्षे साचत गेलेल्या बर्फात त्या त्या काळच्या हवेचे बुडबुडे अडकून राहतात. डोम सी येथे खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या कांड्यांमधून आठ लाख वर्षांपर्यंतची हवा तपासता आली. त्या सर्व काळात, हिमयुगे येत-जात असतानाही, हे प्रमाण साधारण १८० ते ३०० पीपीएमच्या दरम्यान राहिले. १७५० च्या सुमारास ते २८० होते. म्हणजे आजची हवा त्या आठ लाख वर्षांत कधीही नव्हती अशी आहे.

आता दोन धुरांकडे येतो. पऱ्हाटी जळते तेव्हा तिच्यातला कार्बन हवेत जातो हे खरे, पण तो कार्बन तिने गेल्या मिरगापासून हिवाळ्यापर्यंत त्याच हवेतून घेतलेला असतो. पुढच्या पावसाळ्यात त्या वावरात पुन्हा पऱ्हाटी उभी राहिली की जवळपास तेवढाच कार्बन परत पानांत येतो. हे एका हंगामाचे उसने आहे. त्या धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, जमिनीचे खाद्य जळून जाते, हे सगळे नुकसान आहेच, परंतु हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या कायमच्या साठ्यात त्याने फारशी भर पडत नाही.

वणी, घुग्घुस आणि बल्लारपूरच्या खाणींतला कोळसा भूगर्भशास्त्रात गोंडवन कोळसा म्हणून ओळखला जातो आणि ते नाव गोंडांच्या प्रदेशावरूनच आले आहे. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी येथे दलदलीची जंगले होती आणि ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, आज पूर्ण नामशेष झालेल्या झाडांच्या पानांचे ठसे कामठी भागातल्या खडकांत आजही मिळतात. त्या झाडांनी त्या काळच्या हवेतून घेतलेला कार्बन गाळाखाली दबून कोळसा झाला. वीज केंद्रात तो जळतो तेव्हा कोट्यवधी वर्षे व्यवहाराबाहेर असलेला कार्बन एका दिवसात व्यवहारात येतो आणि तो परत जमिनीखाली नेणारे पीक कोणत्याही वावरात पेरले जात नाही.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही, हवेत त्याचा पुरावा आहे. कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार, कार्बन-१४, वातावरणाच्या वरच्या थरात सतत तयार होत असतो आणि हवेतल्या साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे त्याचा एक अणू असतो. पऱ्हाटीत, तुरीत, आपल्या शरीरातही तो त्याच प्रमाणात सापडतो. दर ५,७३० वर्षांनी त्याचे प्रमाण निम्मे होते, म्हणून पन्नास-साठ हजार वर्षांनंतर तो मोजण्याइतका उरत नाही आणि कोळशात तर त्याचा मागमूसही नसतो. कोळसा आणि खनिज तेल जाळून हवेत कार्बन वाढत असेल तर हवेतला कार्बन-१४ पातळ होत गेला पाहिजे. हान्स स्यूस यांनी १९५५ साली झाडांची वार्षिक वलये तपासून नेमके हेच दाखवले. पुढे अणुचाचण्यांनी या मोजणीत गुंतागुंत निर्माण केली, पण तोवर दुसरे दोन साक्षीदार उभे राहिले होते. वनस्पती कार्बनचा जड प्रकार, कार्बन-१३, कमी घेतात, त्यामुळे त्यांच्यापासून बनलेल्या कोळशातही तो कमी असतो, आणि हवेतले त्याचे प्रमाण घटताना दिसते. शिवाय जाळण्याला प्राणवायू लागतो आणि हवेतला प्राणवायूही अगदी किंचित, पण मोजता येईल इतका कमी होत आहे, हे कीलिंग यांचे पुत्र राल्फ कीलिंग यांनी मोजून दाखवले. वाढलेला वायू ज्वालामुखींचा असता तर हे दोन्ही पुरावे मिळाले नसते.

जगभरात कोळसा, तेल, नैसर्गिक वायू आणि सिमेंट यांतून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि जंगलतोडीची भर वेगळी. त्यातला साधारण निम्मा हवेत उरतो, उरलेला जंगले-जमीन आणि समुद्र यांच्यात विभागला जातो. समुद्राचे पाणी त्यामुळे हळूहळू आम्लाकडे सरकत आहे आणि शिंपल्यांना व प्रवाळांना कवच बांधणे जड जात आहे.

उष्णतेचा भाग समजायला हरभऱ्याचे वावर पुरेसे आहे. डिसेंबरात ज्या रात्री आभाळ निरभ्र असते त्या रात्री कडाक्याची थंडी पडते आणि ज्या रात्री ढग असतात त्या रात्री गारठा जाणवत नाही. दिवसा तापलेली जमीन रात्री अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता वर सोडते आणि ढग त्यातला मोठा भाग परत खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइड असेच काम करतो, फक्त तो अदृश्य असतो आणि रात्रंदिवस, बाराही महिने हजर असतो. सूर्याचा प्रकाश तो आत येऊ देतो आणि जमिनीची उष्णता अडवतो. युनिस फूट या अमेरिकी संशोधिकेने १८५६ साली काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले, तेव्हा या वायूचे नळकांडे सर्वात जास्त तापले आणि सर्वात उशिरा निवले. जॉन टिंडल यांनी १८५९ पासून लंडनमध्ये हे काटेकोर मोजले आणि स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हवेतला वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशेब कागदावर केला. संगणकाच्या आधीचे हे काम आहे, हे मुद्दाम लक्षात घेतले पाहिजे.

तापमानवाढ सूर्यामुळेच होत असेल, असेही काही जण म्हणतात. सूर्य अधिक तापला असता तर वातावरणाचा खालचा आणि वरचा, दोन्ही थर तापले असते. उष्णता खालीच अडवली जात असेल तर खालचा थर तापेल आणि वरचा थंड होईल, असे स्युकुरो मनाबे आणि त्यांचे सहकारी वेदरल्ड यांच्या १९६७ च्या गणिताने सांगितले होते, आणि उपग्रहांच्या नोंदींत तसेच आढळले. मनाबे यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल याच कामासाठी मिळाले. १८५०-१९०० च्या तुलनेत २०११-२०२० हे दशक सुमारे १.१ अंश सेल्सिअसने उष्ण होते.

आता काकांचा प्रश्न. कापूस, सोयाबीन, तूर, धान, गहू, हरभरा या पिकांना वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा थेट फायदा होतो आणि तो नाकारण्याचे कारण नाही. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या मॅरिकोपा येथे १९८९ ते १९९१ या काळात कापसाच्या उघड्या शेतात नळ्यांचे मोठे वर्तुळ मांडून, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे वायू सोडून प्रमाण ५५० पीपीएमच्या जवळ ठेवले, तेव्हा कापसाचे उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. इलिनॉयमधील अशाच प्रयोगात सोयाबीन सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. वायू मुबलक असला की पानाला आपली सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, पूर्ण उघडावी लागत नाहीत, त्यामुळे पाण्याची वाफही कमी जाते. ज्वारी आणि मका यांची अन्न बनवण्याची रीत वेगळी असल्यामुळे त्यांना हा लाभ मुख्यतः पाण्याचा ताण असतानाच मिळतो.

परंतु मॅरिकोपाच्या कापसाला ओलीत होते आणि खत पुरेसे होते. आमच्याकडचा बहुतांश कापूस कोरडवाहू आहे आणि तो ज्या हवेत वाढतो ती अधिक कार्बनची तर आहेच, शिवाय अधिक तापलेलीही आहे, कारण हे दोन परिणाम एकमेकांपासून सोडवून घेता येत नाहीत. तापलेली हवा जमिनीतून आणि पानांतून अधिक ओल ओढते, त्यामुळे छिद्रे मिटून वाचवलेले पाणी दुसऱ्या वाटेने निघून जाते. गव्हाचा दाणा भरताना, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस, ऊन अचानक चढले तर दाणा बारीक राहतो. संत्र्याच्या अंबिया बहाराची फळे एप्रिल-मेच्या उष्णतेत गळून झाडाखाली सडा पडतो. मेअखेरचा कडक उन्हाचा नवतपा सुरू होण्याआधीच तेंदूपत्ता तोडायला गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात जाणाऱ्या माणसांना पहाटे अंधारात निघावे लागते, कारण दुपारी अंगातला घाम वाळूनही शरीर थंड होत नाही.

धान्याच्या कसाचा मुद्दा मला सर्वात गंभीर वाटतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. सॅम्युएल मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या उघड्या शेतांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २०१४ मध्ये दाखवले की सुमारे ५५० पीपीएमच्या हवेत वाढलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्क्यांनी, लोह ५ टक्क्यांनी आणि प्रथिने ६ टक्क्यांनी कमी भरतात. भातातही घट आहे. पोते तेवढेच भरते, पण पोळी खाणाऱ्या गरोदर बाईला त्यातून मिळणारे लोह कमी होते. पानांतही नत्र कमी होते, त्यामुळे अळ्यांना पोट भरायला अधिक पाने खावी लागतात. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर वाढीव कार्बन आणि कमी नत्र अशा स्थितीत वाढवलेल्या बीटी कपाशीत अळीला मारणारे प्रथिनच कमी तयार झाले. तो कुंड्यांतला लहान प्रयोग होता, त्यावरून आजच्या बोंडअळीचा सगळा दोष हवेवर टाकणे चुकीचे ठरेल. पण बीटीवर संपूर्ण भिस्त ठेवणाऱ्या आपल्या प्रदेशाने तो माहीत करून घेतलाच पाहिजे.

पावसाचेही तसेच आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, आणि ते पडते तेव्हा एकदम पडते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, एकूण पावसाळी पाऊस मात्र घटत गेला असताना. अरबी समुद्र तापल्यामुळे तिकडून येणाऱ्या बाष्पाचे लोंढे वाढले, हे त्यांनी दिलेले कारण आहे. विदर्भ याच पट्ट्यात येतो. काळ्या जमिनीत असे पाणी मुरायला वेळ लागतो, वावर चिबडते, कपाशीची पाती गळतात, आणि त्यानंतर पंधरा-वीस दिवस पाऊस उघडला की त्याच जमिनीला भेगा पडतात.

या दोन्ही आपत्ती सोसण्याची जमिनीची ताकद तिच्यातल्या सेंद्रिय कर्बावर, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत आलेल्या कार्बनवर, बरीच अवलंबून असते, आणि येथे पऱ्हाटीचा ढीग पुन्हा समोर येतो. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत हा कर्ब कसा मोजतात ते एकदा जरूर पाहावे. चाळलेली माती काचेच्या चंबूत घेऊन तिच्यावर पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण आणि तीव्र गंधकाम्ल ओततात, चंबू हाताला चटका बसेल इतका तापतो आणि मातीतला कर्ब त्या द्रावणाशी झगडून संपतो. मग रंग दाखवणारे रसायन घालून, दुसरे द्रावण थेंबाथेंबाने सोडत, उरलेले डायक्रोमेट मोजत जातात. गडद निळसर-जांभळा रंग धूसर होतो आणि एका थेंबाला सगळा चंबू लख्ख हिरवा होतो. त्या थेंबावरून निघालेला आकडा मृदा आरोग्य पत्रिकेवर टक्क्यांत लिहिलेला असतो. आमच्या वावराच्या पत्रिकेवर तो अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे.

पऱ्हाटी पेटवण्यामागे गुलाबी बोंडअळीचा धाकही असतो, कारण उरलेल्या कवड्यांत, म्हणजे नीट न उमललेल्या बोंडांत, तिच्या अळ्या दडून बसतात, आणि घराशेजारी रचलेली पऱ्हाटी त्यांना पुढच्या हंगामापर्यंत सांभाळते. ट्रॅक्टरच्या श्रेडरने बारीक करून ती जमिनीत गाडली तर अळीचाही बंदोबस्त होतो आणि कर्बही वावरात राहतो. तो किती राहतो, याचा ढोबळ हिशेब मी करून पाहिला. एका हेक्टरात अडीच-तीन टन वाळलेली पऱ्हाटी निघते आणि तिच्यात सव्वा टनाच्या आसपास कर्ब असतो. त्याचा बहुतेक भाग दोन-तीन वर्षांत जिवाणू खाऊन परत हवेत सोडतात, जेमतेम दहावा-बारावा हिस्सा मातीत टिकतो. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात सुमारे २,००० टन माती असते, म्हणजे कर्ब एक दशांश टक्क्याने वाढवायला दोन टन टिकाऊ कर्ब लागेल, आणि केवळ पऱ्हाटीवर विसंबलो तर त्याला पंधरा-वीस वर्षे जातील. शेणखत आणि हिरवळीचे खत घातले तर काळ कमी होतो.

हवेच्या भाषेत दोन टन कर्ब म्हणजे सुमारे साडेसात टन कार्बन डायऑक्साइड. कोळशावरच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो वायू निघतो, आणि चंद्रपूरचे केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. ते पूर्ण क्षमतेने चालत असेल तर साडेसात टन वायू बाहेर पडायला दहा सेकंदही लागत नाहीत. त्या विजेवर माझ्या विहिरीवरचा पंप चालतो, आणि हा प्रश्न मुख्यतः तिथेच, वीज कशापासून बनवायची या निर्णयात सुटायचा आहे. यंदा मी पऱ्हाटी पेटवली नाही. श्रेडरचे भाडे दिले, काकांनीही आपल्या दोन एकरांसाठी तो मागून घेतला, आणि तीन वर्षांनी दोन्ही वावरांची माती एकाच दिवशी तपासायला द्यायची असे आमचे ठरले आहे.